पॅरिसचे पॅन्थिऑन आणि फ्रेंच नवअभिजात वास्तुकला : खांब शोभेचा की भाराचा?

जोते यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

मी वास्तुकलेच्या चौथ्या वर्षाला आहे आणि या सत्रात मला फ्रान्समधील नवअभिजात वास्तुकलेवर, म्हणजे साधारण १७५० ते १८३० या काळातील घडामोडींवर, एक निबंध सादर करायचा आहे. वाचन बरेच झाले आहे, पण वाचत जावे तसा एक गोंधळ वाढतच चालला आहे, म्हणून येथे विचारते.

बहुतेक पाठ्यपुस्तकांत मांडणी अशी असते की, हर्क्युलेनियम (१७३८) आणि पॉम्पेई (१७४८) येथे उत्खनन सुरू झाले, प्राचीन जग लोकांना नव्याने दिसले, रोकोकोच्या शिंपल्या-वेलबुट्टीचा वीट आला होताच, आणि मग फ्रेंच वास्तुविशारद ग्रीक व रोमन इमारतींचे अनुकरण करू लागले. ही मांडणी खरी मानली, तर ज्या इमारतीला या शैलीचा मुकुटमणी म्हणतात ते पॅरिसचे पॅन्थिऑनच मला उलगडत नाही. समोर रोमन देवळासारखा द्वारमंडप आहे, एवढे ठीक. पण आराखडा मात्र चारी भुजा जवळजवळ सारख्या असलेल्या क्रुसाचा आहे, वर लंडनच्या सेंट पॉल चर्चची आठवण करून देणारा उंच घुमट आहे, आणि उभा छेद पाहिला तर बाहेरच्या भिंतीच्या आड, रस्त्यावरून दिसू नयेत अशा बेताने, मध्ययुगातील गॉथिक चर्चला असतात तशा टेकूच्या कमानी दडवलेल्या आहेत! ग्रीकांकडे तर असा घुमट नव्हता, आणि गॉथिक या लोकांना रानटी वाटत असे असे आम्हाला शिकवले जाते. मग या इमारतीचे वास्तुविशारद झाक-जेर्मे सुफ्लो यांनी ही सगळी मंडळी एका छपराखाली का आणली असावीत?

दुसरी शंका थोडी घरची आहे. मुंबईच्या टाउन हॉलच्या, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या, पायऱ्या मी लहानपणापासून चढत आले आहे आणि तेथील डोरिक, म्हणजे साध्या माथ्याचे ग्रीक पद्धतीचे, खांब पाहून नवअभिजात म्हणजे हेच अशी माझी समजूत झाली होती. फ्रेंच धारा आणि ही धारा एकच का?

शिवाय, पॅन्थिऑन बांधून होण्याआधीच त्याला तडे गेले होते असे एका ठिकाणी ओझरते वाचले. त्या तड्यांचे कारण सुफ्लो यांचा आराखडा की बांधकामातील हयगय, हे जाणकारांनी सांगितले तर फार उपकार होतील. निबंधासाठी तयार उत्तर मला नको आहे. विचाराची दिशा बरोबर आहे की नाही, एवढे कळावे.

---

ओळंबा यांचे उत्तर

आपली शंका अगदी रास्त आहे आणि ती पडली याचाच मला आनंद झाला. वास्तुकलेचा इतिहास शिकवताना मला वारंवार जाणवते की अनुकरण हा शब्द विद्यार्थ्यांच्या मनात एकदा बसला की फ्रेंच नवअभिजात वास्तुकलेतील खरा झगडा दिसेनासा होतो. ग्रीक इमारती दिसत कशा होत्या, या प्रश्नाने फ्रेंच वास्तुविशारदांना झपाटले नव्हते. खांबाने करायचे काय, हा त्यांचा प्रश्न होता. आणि तो पॉम्पेईच्या उत्खननाहून ऐंशी वर्षांनी जुना आहे.

सुरुवात पॅरिसच्या लूव्र या राजवाड्याच्या पूर्व दर्शनी बाजूपासून करा. चौदाव्या लुईने रोमहून खुद्द बेर्निनी या नामवंत वास्तुविशारद-शिल्पकारांना १६६५ मध्ये पाचारण केले, त्यांचे आराखडे शेवटी बाजूला पडले, आणि १६६७ मध्ये हे काम वास्तुविशारद ल व्हो, चित्रकार ल ब्रँ आणि क्लोद पेरो या तिघांच्या मंडळाकडे आले. यांपैकी पेरो हे शिक्षणाने वैद्य. या तिघांत नेमके श्रेय कोणाचे यावर आजही वाद आहे, पण जे उभे राहिले ते असे : खाली साधे, भरीव जोते आणि त्यावर भिंतीपासून सुट्या उभ्या असलेल्या, जोडीजोडीने मांडलेल्या कोरिंथियन (माथ्यावर पानांची नक्षी असलेल्या) खांबांची लांबच लांब रांग, आणि या खांबांवर सरळ आडवी तुळई. त्याआधीच्या फ्रेंच इमारतींत खांब बहुधा भिंतीला चिकटलेला, अर्धा बाहेर आलेला किंवा नुसता सपाट अर्धस्तंभ म्हणून कोरलेला असे. भार भिंत घेई आणि खांब शोभेला असे. लूव्रमध्ये खांब भिंत सोडून पुढे आला आणि त्याच्यामागे सावली पडली. ही सावली फ्रेंच वास्तुविशारद पुढची शंभर वर्षे विसरले नाहीत.

याच पेरो यांनी १६७३ मध्ये प्राचीन रोमन वास्तुविशारद व्हित्रुव्हिअस याच्या ग्रंथाचे फ्रेंच भाषांतर प्रसिद्ध केले आणि १६८३ मध्ये खांबांच्या प्रमाणांवर ग्रंथ लिहून त्या काळी धाडसी वाटावे असे मत मांडले. खांबाची जाडी-उंची यांचे गणित निसर्गाने किंवा देवाने ठरवून दिलेले नाही, ते बरेचसे सवयीने सुंदर वाटते, असे ते म्हणाले. १६७१ मध्ये स्थापन झालेल्या राजाश्रयी वास्तुकला अकादमीचे प्रमुख फ्राँस्वा ब्लाँदेल यांना हे मुळीच मान्य नव्हते. आपल्या निबंधात हा वाद जरूर घ्या. प्राचीनांचा शब्द प्रमाण न मानताही प्राचीनांचा खांब वापरता येतो, ही फ्रेंच परंपरेची खास भूमिका येथूनच निघते.

पुढे १७०६ मध्ये कोर्दमुआ या धर्मोपदेशकाने सुटा खांब आणि सरळ तुळई यांची बाजू घेतली, आणि १७५३ मध्ये मार्क-आंत्वान लोझिए यांचा निबंध निनावी प्रसिद्ध झाला. १७५५ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या मुखचित्रात पडक्या दगडांवर रेललेली एक स्त्री बोटाने एक झोपडी दाखवते आहे : चार जिवंत झाडांचे बुंधे, त्यांवर आडवे वासे, वर फांद्यांचे उतरते छप्पर. लोझिए यांच्या मते वास्तुकलेचे मूळ एवढेच. बुंधा म्हणजे खांब, वासा म्हणजे तुळई, छपराचा उतार म्हणजे त्रिकोणी माथा. भिंत, दार, खिडकी या गरजेपोटी केलेल्या सवलती, आणि अर्धस्तंभ तर निव्वळ खोटेपणा. लोझिए हे जेझुइट, बांधकामाचा अनुभव शून्य. त्यामुळे अनुभवी वास्तुविशारद त्यांच्यावर चिडले हे स्वाभाविकच होते. पण त्यांचे पुस्तक सगळ्यांनी वाचले.

आता आपल्या मुख्य शंकेकडे येतो. गॉथिक त्यांना रानटी वाटत असे, हे अर्धेच खरे आहे. गॉथिक नक्षीकाम त्यांना आवडत नसे. गॉथिक बांधणीबद्दल मात्र फ्रान्समध्ये आदर टिकून होता. सुफ्लो यांनी १७४१ मध्येच ल्यों येथील अकादमीत गॉथिक वास्तुकलेवर निबंध वाचून तिच्या हलकेपणाची स्तुती केली होती, आणि लोझिए यांनाही नोत्र दामचा अंतर्भाग मोहवीत असे. थोड्या दगडात पुष्कळ जागा, सडपातळ आधार, आरपार जाणारी नजर, हे गुण गॉथिकमध्ये होते. खांब आणि तुळईचे स्वच्छ, उघड नाते ग्रीकांकडे होते. हे दोन्ही एकत्र आणता येतील का, हीच सुफ्लो यांच्या इमारतीची प्रतिज्ञा होय. आणि त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचे सहकारी ब्रेबियों यांनी ती जवळपास याच शब्दांत लिहून ठेवली आहे.

योग कसा जुळला तेही पाहा. पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द पोंपादूर यांचा भाऊ, पुढे मारिन्यीचा मार्की झालेला आबेल पुआसों, राजाच्या इमारतींचा अधिकारी होण्याआधी १७४९ ते १७५१ या काळात इटलीच्या अभ्यासदौऱ्यावर पाठवला गेला, तेव्हा त्याच्याबरोबर सुफ्लो आणि उत्कीर्णक कोशें होते. १७५० मध्ये सुफ्लो नेपल्सच्या दक्षिणेला पाएस्तुम येथील प्राचीन ग्रीक देवळांपर्यंत गेले आणि तेथील आखूड, जाडजूड, पायाविना थेट जोत्यावर उभ्या असलेल्या डोरिक खांबांची मापे त्यांनी घेतली. पंधरावा लुई १७४४ मध्ये मेत्स येथे मरणाच्या दारातून परत आला होता आणि बरे वाटल्यास सेंत जनव्हिएव्ह या पॅरिसच्या रक्षक संतिणीसाठी नवे चर्च बांधीन, असा नवस त्याने बोलला होता. १७५५ मध्ये मारिन्यीने ते काम सुफ्लो यांच्याकडे सोपवले. म्हणजे आज आपण ज्याला पॅन्थिऑन म्हणतो ते मुळात नवसाचे चर्च आहे.

६ सप्टेंबर १७६४ रोजी राजा पायाभरणीला आला तेव्हा द्वारमंडप अस्तित्वातच नव्हता. त्याच्या खऱ्या आकाराची लाकूड-कापडाची, रंगवलेली प्रतिकृती जागेवर उभी करून राजाला दाखवण्यात आली. त्या प्रसंगाचे चित्र उपलब्ध आहे. कापडावर रंगवलेल्या खांबांना कसलाच भार नव्हता. खऱ्या खांबांची गोष्ट पुढे वेगळी झाली. त्याबद्दल येथे बांधकामाचे जाणकार अधिक नेमके सांगतील.

आणखी एक गोष्ट. आज आत गेल्यावर जी थडग्यासारखी गंभीरता जाणवते ती सुफ्लो यांची नाही. त्यांच्या भिंतींत मोठमोठ्या खिडक्या होत्या, आणि खांबांच्या रांगांमधून उजेड आरपार खेळावा हाच त्यांचा हेतू होता. १७९१ मध्ये, फ्रेंच क्रांतीच्या काळात, राष्ट्रीय सभेने या चर्चचे थोर पुरुषांच्या स्मारकात रूपांतर केले आणि त्या कामाचे प्रमुख कात्रमेर द कँसी यांनी त्या खिडक्या चिणून टाकल्या, मागचे दोन घंटामनोरेही उतरवले. बाहेरून भिंतीकडे नीट पाहिले तर चिणलेल्या खिडक्यांच्या चौकटी दगडांच्या दरजांतून अजून ओळखू येतात. या शैलीबद्दल आपली जी कोऱ्या, करड्या भिंतींची कल्पना असते, ती काही अंशी या चिणकामाने घडवली आहे. मला स्वतःला ही हानी फार मोठी वाटते.

टाउन हॉलबद्दल थोडक्यात : १८३३ मध्ये पूर्ण झालेली ती इमारत ब्रिटिशांच्या ग्रीक पुनरुज्जीवनाची आहे, आणि तिच्यामागे स्टुअर्ट व रेव्हेट या इंग्रज वास्तुविशारदांनी १७६२ पासून प्रसिद्ध केलेली अथेन्सची काटेकोर मोजमापे आहेत. फ्रेंच ल रुआ यांचे ग्रीसवरील पुस्तक त्याआधी, १७५८ मध्ये, आले होते. पण त्यांना मापापेक्षा इमारतीचा पाहणाऱ्यावर होणारा परिणाम महत्त्वाचा वाटे, आणि त्यावरून स्टुअर्ट यांनी त्यांना चांगलेच फैलावर घेतले. एकाच झाडाच्या दोन फांद्या म्हणा, पण फळ वेगळे.

---

जोते यांचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार. चिणलेल्या खिडक्यांची गोष्ट मला मुळीच ठाऊक नव्हती; आता छायाचित्रे पुन्हा पाहिली तेव्हा त्या चौकटी खरोखरच दिसल्या. एक उपप्रश्न : लोझिए यांच्या झोपडीतील तुळई लाकडाची आहे. लाकूड वाकते, ताण घेते. तीच तुळई दगडाची केली आणि खांबांतील अंतर लूव्रइतके ठेवले, तर ती टिकते कशी?

---

पाथरवट यांचे उत्तर

हा उपप्रश्न विचारल्याबद्दल तुमचे अभिनंदन करतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. मी दगडी इमारतींच्या दुरुस्तीचे काम करतो. पॅरिसला काही महिने कामानिमित्त राहिलो तेव्हा सुट्टीच्या दिवशी वही घेऊन पॅन्थिऑनमध्ये जाऊन बसत असे.

सरळ उत्तर असे की ती तुळई नाहीच. दगड दाबाला भक्कम असतो आणि ताणाला कमकुवत. आडव्या दगडी पाटाच्या खालच्या अंगाला ताण येतो, आणि अंतर वाढले की तो मधोमध मोडतो. आपल्याकडच्या जुन्या दगडी देवळांच्या सभामंडपात खांब इतके जवळजवळ का असतात, याचे कारणही हेच : पाट जेवढा लांब मिळेल आणि टिकेल तेवढेच अंतर. ग्रीकांकडे संगमरवराचे मोठे अखंड ठोकळे होते. पॅरिसच्या आसपासचा चुनखडक थरांचा असतो, आणि इतक्या उंचीच्या अखंड तुळया त्यातून निघत नाहीत. म्हणून फ्रेंच गवंड्यांनी जुनी युक्ती वापरली : पाचरीच्या आकाराचे लहान दगड शेजारी शेजारी बसवून सपाट कमान रचायची. समोरून ती सरळ तुळई दिसते, पण काम करते कमानीचे. आणि कमान म्हटली की बाजूला रेटा आलाच. भिंत असती तर तिने तो रेटा पेलला असता. येथे तर भिंत काढून टाकण्याचीच प्रतिज्ञा होती.

मग तो रेटा धरायचा कशाने? लोखंडाने. लूव्रच्या खांबरांगेतही दगडांच्या आत लोखंडी सळया आणि आकडे आहेत. सुफ्लो यांच्या द्वारमंडपात, जेथे २२ कोरिंथियन खांब आहेत, हे लोखंड कितीतरी जास्त आहे. त्यांचे सहकारी झाँ-बातिस्त राँदले यांनी पुढे बांधकामकलेवरील आपल्या ग्रंथात या द्वारमंडपाचे लोखंड उघडे करून दाखवणारी आकृती छापली. तीत त्रिकोणी माथ्यामागचे आणि तुळयांमधले लोखंडाचे जाळे पाहिले की आजच्या सलोह काँक्रीटच्या तुळईतील सळयांचा नकाशा पाहतो आहोत असे वाटते. उभ्या कड्यासुद्धा तशाच. माझ्या मते त्या शतकातील बांधकामाची यापेक्षा बोलकी आकृती नाही. ग्रीक दिसणारी ही तुळई ग्रीकांना कधीच बांधता आली नसती.

आता तड्यांविषयी. घुमट ज्या चार त्रिकोणी आधारांवर उभा आहे ते सुफ्लो यांनी मुद्दाम सडपातळ ठेवले होते. प्रत्येक आधाराला खांब लागून उभे होते, म्हणजे घुमटाच्या खालीही भिंतीऐवजी खांबच दिसावेत. शिवाय घुमट एक नसून एकात एक असे तीन आहेत, आणि तिन्ही दगडाचे. लंडनच्या सेंट पॉलचा बाहेरचा घुमट लाकडी सांगाड्यावर शिसे ठोकून केलेला आहे, त्यामुळे तो हलका आहे. येथे ती सवलत घेतलेली नाही. १७७० मध्ये प्येर पात यांनी एक पुस्तिका काढून हे आधार घुमट पेलणार नाहीत असा इशारा दिला. सुफ्लो यांच्या बाजूने एमिलाँ गोते हे पुलांचे अभियंते उभे राहिले, आणि त्यांनी नुसता शब्दाला शब्द वाढवला नाही. दगडाचे ठोकळे किती भाराला चिरडतात हे मोजण्यासाठी त्यांनी तरफेचे यंत्र तयार केले आणि आकड्यांनी दाखवले की दगडाची ताकद पुरेशी आहे. एखाद्या इमारतीचा वाद प्राचीन आधारांनी किंवा डोळ्यांच्या अंदाजाने न सोडवता प्रयोगाने सोडवायचा, ही गोष्ट तेव्हा नवी होती, आणि माझ्यासारख्या माणसाला ती खांबांच्या सौंदर्याइतकीच मोलाची वाटते.

तरीही तडे गेलेच. १७७० च्या दशकात, घुमट चढण्याआधीच, आधारांच्या दगडांच्या कडांच्या ढलप्या उडू लागल्या. म्हणजे पात बरोबर आणि गोते चूक का? तसेही नाही, आणि येथे जरा थांबून नीट पाहायला हवे. दगडी बांधकामाचे सौंदर्य दरजेत असते. दरज जितकी बारीक तितके काम उत्तम, अशी समजूत. पॅन्थिऑनच्या आधारांत गवंड्यांनी समोरच्या कडेला दरज केसासारखी बारीक ठेवली, पण त्यासाठी दगडाचा आतला बसका भाग खोलगट तासला, आणि ती पोकळी चुन्याने व पाचरींनी भरली. चुना सुकताना आकसतो. मग वरचा सगळा भार दगडाच्या पूर्ण पृष्ठावर न बसता समोरच्या अरुंद कडेवर येऊन बसला, आणि कडा फुटल्या. एखादा जड पेटारा फरशीवर सपाट न ठेवता फक्त कडेच्या पट्टीवर टेकवला तर जे होईल तेच. राँदले यांनी हे ओळखले. गोते यांच्या यंत्रातला ठोकळा गुळगुळीत आणि पूर्ण टेकलेला होता. प्रत्यक्षातला दगड तसा बसलेलाच नव्हता. आकडे खरे होते, बसवणी खोटी.

तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर म्हणून असे : हयगय होती, पण हयगय पोटात घेईल एवढी जाडी आराखड्याने शिल्लक ठेवली नव्हती. सुफ्लो १७८० मध्ये वारले. इमारत १७९० मध्ये राँदले यांनी पूर्ण केली, आणि १८०६ नंतर त्यांनाच ते आधार जाड करावे लागले. घुमटाखालचा भाग आज जरा बोजड दिसतो तो त्यामुळे.

लोखंडाचे देणेही इमारतीने पुढे फेडले. लोखंड गंजले की फुगते आणि दगड आतून फोडते. १९८० च्या दशकात आतल्या कमानींवरून दगडाचे तुकडे निखळू लागले, त्यामागे हाच गंज मुख्य होता. दुरुस्तीच्या कामात असा गंजलेला आकडा दगडातून काढताना मी हातात घेतला आहे (पॅरिसमध्ये नव्हे, येथे एका जुन्या इमारतीत). पापुद्र्यांचे बाड असावे तसा तो दिसतो, आणि मूळ जाडीच्या कितीतरी पट झालेला असतो.

---

नकाशाकार यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे मनापासून आवडली. तरी एका बाबतीत मला मतभेद नोंदवावासा वाटतो. खांबाने भार घ्यावा हाच फ्रेंच नवअभिजात वास्तुकलेचा गाभा मानला, तर क्लोद-निकोला लदू आणि एत्येन-लुई बुले यांना बसवायचे कोठे? हे दोघेही झाक-फ्राँस्वा ब्लाँदेल यांच्या शाळेतले, म्हणजे परंपरेच्या मधोमध वाढलेले. (हे ब्लाँदेल म्हणजे वर आलेले सतराव्या शतकातील ब्लाँदेल नव्हेत.)

लदू यांचा आर्क-ए-सनाँ येथील राजाचा मिठाचा कारखाना पाहा. बांधकाम १७७५ ते १७७९. खारे पाणी सालें गावाहून सुमारे २१ किलोमीटर लांबीच्या लाकडी नळांतून येथे आणायचे, जवळच्या शो जंगलातील लाकूड जाळून ते आटवायचे, असा बेत होता. पाणी जंगलाकडे नेणे हे जंगल पाण्याकडे नेण्यापेक्षा सोपे, हा त्यामागचा साधा हिशेब. आराखडा अर्धवर्तुळाचा : व्यासावर मिठाच्या भट्ट्या आणि मधोमध संचालकाचे घर, परिघावर कामगारांच्या चाळी आणि मुख्य दरवाजा. त्या दरवाजाला पायाविना उभे असलेले जाडजूड डोरिक खांब आहेत, पाएस्तुमच्या जातीचे. पण खांबांच्या मागे गेले की समोर ओबडधोबड दगडांची गुहा उभी राहते, जणू मिठाच्या खाणीचे तोंड. भिंतींवर ठिकठिकाणी आडवे पडलेले दगडी कुंभ कोरले आहेत आणि त्यांच्या तोंडातून दाट, गोठलेले खारे पाणी ओघळते आहे. ते ओघळही दगडाचेच. संचालकाच्या घराच्या खांबांत एक दगड गोल, एक चौकोनी, पुन्हा एक गोल, अशी रचना आहे. भाराच्या दृष्टीने त्या चौकोनी दगडांना काहीही अर्थ नाही. ते आहेत सावलीसाठी, दराऱ्यासाठी, मिठावरचा कर राजाचा आहे हे प्रत्येक कामगाराला उठता-बसता जाणवावे यासाठी.

येथे खांब भार घेण्यापेक्षा बोलण्याचे काम करतो आहे, आणि माझ्या मते १७७० नंतरच्या पिढीचे वेगळेपण यातच आहे. इमारतीने आपला हेतू आपल्या आकारातून सांगावा, असा हा ध्यास होता. त्याची किंमत लदू यांनी मोजली. १७८५ पासून त्यांनी पॅरिसभोवतीच्या जकातीच्या भिंतीसाठी नाक्यांच्या इमारती बांधल्या, आणि जुलै १७८९ मध्ये बास्तीय या तुरुंग-किल्ल्यावर हल्ला होण्याच्या आधीचे दोन-तीन दिवस लोक हेच नाके जाळत होते. लदू यांना १७९३ मध्ये तुरुंगवास घडला. त्या नाक्यांपैकी जेमतेम चार ठिकाणचे आज शिल्लक आहेत; ला व्हिलेतचा गोल मंडप त्यांपैकीच.

बुले यांच्याबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यांचे महत्त्वाचे काम कागदावरच राहिले. न्यूटनच्या स्मारकाचा १७८४ चा आराखडा मात्र पाहिलाच पाहिजे : सुमारे १५० मीटर उंचीचा पोकळ गोल, आणि त्याच्या कवचाला पाडलेल्या भोकांतून दिवसा आत येणारा उजेड म्हणजे रात्रीचे तारे. त्यात खांब जवळजवळ नाहीतच.

आणि आता जी गोष्ट मला या चर्चेत विशेष करून आणायची होती ती. बुले यांचेच शिष्य झाँ-निकोला-लुई द्युराँ पुढे एकोल पॉलिटेक्निकमध्ये अभियंत्यांना वास्तुकला शिकवू लागले. १८०२ पासून प्रसिद्ध झालेल्या आपल्या पाठांत त्यांनी सेंत जनव्हिएव्हचा आराखडा उदाहरण म्हणून घेतला आणि त्याच्या शेजारी स्वतःचा एक गोल आराखडा मांडला. क्रुसाच्या आकारामुळे भिंतींची लांबी वाढते, खर्च वाढतो, आणि इतके करूनही आत उभ्या असलेल्या माणसाला जागा लहान वाटते. तीच इमारत वर्तुळात बसवली असती तर खर्च निम्म्यावर आला असता आणि भव्यता वाढली असती, असा त्यांचा हिशेब. लोझिए यांच्या झोपडीची तर त्यांनी टरच उडवली. झोपडी हे निसर्गाचे उदाहरण नसून माणसाचा पहिला ओबडधोबड प्रयत्न आहे, त्याची नक्कल कशाला, असे त्यांचे म्हणणे. अर्ध्या शतकात खांबाचे प्रामाण्य गेले आणि चौकटीच्या कागदावरची सोय आली. नेपोलियनच्या काळातील पॅरिसचे माद्लेन चर्च (१८०७ मध्ये व्हिन्यों यांच्याकडे सोपवलेले, पूर्ण व्हायला १८४२ उजाडले) बाहेरून नखशिखांत रोमन देऊळ आहे, पण मला त्यात सुफ्लो यांचा कोणताही प्रश्न शिल्लक दिसत नाही.

---

ओळंबा यांचा प्रतिसाद

नकाशाकार यांचा आक्षेप मला मान्य आहे, आणि लदू यांना माझ्या मांडणीत जागा नव्हती हेही मान्य. कर्ता, काळ आणि काम या तिन्ही अंगांनी पाहता १७७० नंतर खांबाचे दुसरे आयुष्य सुरू होते. यात १७६२ ते १७६८ मध्ये गाब्रिएल यांनी व्हर्सायला बांधलेले प्ती त्रियानाँही ध्यानात ठेवावे : एकाच चौकोनी घराला एका बाजूस चार सुटे कोरिंथियन खांब, दोन बाजूंना सपाट अर्धस्तंभ, आणि एका बाजूस काहीच नाही. कोणत्या बाजूला खांबाने किती बोलायचे याचा इतका संयमित विचार पुढच्या पिढीत क्वचित दिसतो.

मात्र सुफ्लो यांचा प्रश्न द्युराँ यांच्याबरोबर संपला, हे मला पटत नाही. पॅन्थिऑनच्या द्वारमंडपातून बाहेर आल्यावर त्याच चौकात, हाकेच्या अंतरावर, सेंत जनव्हिएव्हच्याच नावाचे ग्रंथालय आहे. ते आँरी लाब्रुस्त यांनी १८४३ ते १८५० या काळात बांधले. हेच लाब्रुस्त तरुणपणी रोमच्या शिष्यवृत्तीवर असताना पाएस्तुमला गेले होते, सुफ्लो यांच्यानंतर सुमारे पाऊण शतकाने. आणि तेथील देवळांचा त्यांनी पाठवलेला अभ्यास पाहून पॅरिसची अकादमी संतापली. अकादमीचे चिटणीस तेव्हा कोण होते? खिडक्या चिणणारे कात्रमेर द कँसी!

त्या ग्रंथालयाच्या वाचनालयात मधोमध बारीक बिडाच्या खांबांची एकच रांग आहे, आणि तिच्या दोन्ही अंगांना लोखंडाच्या नक्षीदार कमानींवर छत तोलले आहे. बाहेरची भिंत दगडाची, खिडक्या उंच, उजेड भरपूर. पाथरवट यांनी सांगितलेले, सुफ्लो यांच्या तुळयांच्या पोटात कोंडलेले लोखंड येथे वाचकाच्या डोळ्यांसमोर येऊन उभे राहिले आहे.

जोते, आपल्या निबंधासाठी एक सुचवतो. राँदले यांची द्वारमंडपाची आकृती आणि या वाचनालयाचा आडवा छेद एकाच मापावर, एकाच कागदावर, शेजारी शेजारी काढा. लोखंड तेवढे लाल शाईने दाखवा, आणि तो कागद निबंधाच्या पहिल्या पानावर लावा.